डाव्या चाकाचा आवाज

आज चौथा दिवस, तरी घास घशाखाली उतरत नाही. येणारा-जाणारा विचारतो, ताई, नक्की झालं काय? मी सांगायला बसते आणि अर्ध्यावर उठून जाते, कारण एका ठिकाणी आलं की माझाच मला इतका राग येतो की तो समोरच्यावर निघतो. तर आता एकदाच, पहिल्यापासून, सलग सांगते. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

मी लेथ चालवते, लोखंड कातायचं मशीन. आमचं वर्कशॉप देवळाच्याच रस्त्यावर आहे. आधी सासऱ्यांचं होतं, मग आमच्या ह्यांचं, आणि ह्यांना मशीनपेक्षा गप्पांची गोडी जास्त म्हणून शेवटी माझं झालं. माझ्या जिभेमुळे म्हणा, नाहीतर लेथवर जे काही उडतं त्यामुळे म्हणा, माहेरी मला ठिणगी म्हणतात. नाव दादाने पाडलेलं. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आई लवकर गेली, त्यामुळे शाळेच्या फॉर्मवर सही करण्यापासून माझी वेणी घालण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं. वेणी भयंकर घालायचा.

पोटासाठी दादा बस चालवायचा, आणि वर्षातून एक दिवस रथाचं डावं चाक सांभाळायचा. माणसं त्याला ओळखायची ती त्या एका दिवसामुळे.

ज्यांनी आमचा रथ पाहिला नाही त्यांना सांगते. तीन मजली घराएवढा उंच रथ, आत देव, आणि त्याला ना ब्रेक ना स्टिअरिंग. चार लाकडी चाकं, प्रत्येकावर लोखंडी पट्टी, म्हणजे धाव. पुढे दोन लांब दोर आणि त्या दोरांना दोनशे माणसं. ती ओढतात, रथ निघतो, आणि मग तो थांबवायचा किंवा वळवायचा तर एकच उपाय, मोगरी. मोगरी म्हणजे एका बाजूने उतरता असा जड लाकडी ठोकळा, त्याला हातभर दांडा. फिरत्या चाकाखाली ती सरळ सारली की चाक थांबतं, तिरकी सारली की रथ वळतो. आणि सारली की दांडा लगेच सोडायचा. आमच्या आजोबांच्या भावाने सोडायला जरा उशीर केला, ते पुढे आयुष्यभर डाव्या हाताने जेवले.

पुढच्या दोन चाकांना दोन माणसं. डाव्याला आमचं घर, उजव्याला आमच्या भावकीतला बारक्या. बारक्याचं वजन शंभर किलोच्या वर आहे, नाव कुणी ठेवलं देव जाणे. रथ हलवण्याआधी दर वेळी दोरांचा मुकादम ओरडून विचारतो, "डावं तयार?" दादा ओरडतो, "तयार!" मग उजवं विचारतो, बारक्या ओरडतो. दोघांचा होकार आल्याशिवाय दोराला कुणी ताण द्यायचा नाही. पोरगी होते तेव्हापासून ऐकते आहे, कधी कुणी नाही म्हणालेलं माझ्या कानावर आलं नव्हतं.

आणि आवाज! रथाची चाकं किंचाळायची. चारही चाकांचा सूर वेगळा, आणि ढोलताशांच्या वरताण. म्हातारी माणसं म्हणायची, हा देवाचा आवाज. मला मात्र तो ऐकला की डोक्यात तिडीक जायची. कसला देवाचा आवाज? लोखंडावर लोखंड घासतंय, पिढ्यान् पिढ्या घासतंय, आणि हे हात जोडून उभे! दादासुद्धा दर वर्षी संध्याकाळी पलंगावर पडून म्हणायचा, "डोकं उठतं गं त्या आवाजाने, दोन दिवस कानात घुमतो." हे मी मनात धरून ठेवलं होतं.

यंदा उत्सवसमितीने मला बोलावलं. आसाची भोकं झिजून ढिली झाली होती, चाकं डुगडुगत होती. मी म्हटलं, थातूरमातूर नको, मला करू द्या. एकेक चाक जॅकवर उचलून मी मापं घेतली, आसाच्या भोकात बसणारे गनमेटलचे चार बुश, म्हणजे जाड नळ्या, लेथवर कातून काढले, ग्रीस जायला वाट ठेवली. आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. शेवटचं चाक बसवलं, एका बोटाने ढकललं, तर ते फिरतच राहिलं, फिरतच राहिलं, आणि आवाज म्हणाल तर शून्य. आमचे हे म्हणाले, "अगं, हे तर झोपेत फिरतंय." मला इतका आनंद झाला की मी त्या तेलकट हातांनीच तोंडाला पदर लावला.

समितीच्या लोकांना मी बजावून सांगितलं, दादाला कळू द्यायचं नाही. आस दुरुस्त केला एवढंच सांगा. आवाज गेला ते त्याला त्या दिवशीच कळू दे, बघू कसं तोंड होतं. मी सांगितलं हे. मीच. कुणी माझ्या डोक्यावर बंदूक ठेवली नव्हती.

आता जरा दादाविषयी. तीन वर्षांपूर्वी त्याने मुदतीआधीच डेपोतून निवृत्ती घेतली. म्हणाला, गुडघे गेले. मी म्हटलं, असेल बाबा, आयुष्यभर क्लच दाबला. त्यानंतर त्याचं घराबाहेर पडणं कमी झालं. गेल्या वर्षी भर बाजारात मी समोरून आले, हसले, आणि हा सरळ बाजूने निघून गेला! मी दोन महिने माहेरची पायरी चढले नाही. फोनवर वहिनीला सुनावलं, तुमच्या नवऱ्याला फार भाव आलाय. वहिनी काही बोलली नाही. ती मुळातच कमी बोलते, म्हणून मला कसला संशय आला नाही.

तर रथाचा दिवस उजाडला. सकाळी दहाचं ऊन, रस्ता माणसांनी फुललेला. आमच्या वर्कशॉपच्या पायऱ्यांवर मी आणि वहिनी उभ्या होतो. देऊळ आमच्या डाव्या हाताला पंचवीस पावलांवर, आणि उजव्या हाताला तेवढ्याच अंतरावर रस्ता उतरायला लागतो. त्या उताराच्या तोंडाशी पहिली मोगरी लागते. दोन्ही मोगरीवाले आधीच तिथे जाऊन आपापल्या चाकाच्या रेषेत उभे राहतात, आणि आजूबाजूला दहा पावलं कुणाला फिरकू देत नाहीत. दोन्ही मोगऱ्या एकदम लागायला हव्यात. एकच लागली तर रथ त्या चाकाभोवती गर्रकन फिरून घरांवर जातो. आणि एकही लागली नाही तर सरळ उतारावरून दोनशे माणसांच्या अंगावर. त्या दोनशेत आमचे हे सगळ्यात पुढे होते.

मुकादम ओरडला, "डावं तयार?" दादाने हात वर केला. "तयार!" आवाज खणखणीत. बारक्याही ओरडला. दोर ताणले गेले.

पहिल्या ओढीला आमचा रथ हलत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तीन-चार ओढी फुकट जातात. माणसं आरोळी ठोकतात, दोर ताणतात, मागे येतात, पुन्हा ताणतात. अर्धा तास तसाच जातो. मग कधीतरी चाक किंचाळतं आणि रस्ताभर हात जोडले जातात.

यंदा रथ पहिल्या ओढीला निघाला. काही न बोलता निघाला. क्षणभर लोकांना कळलंच नाही, मग जो काही गलका झाला! समितीचे अध्यक्ष माईकवर ओरडले, "आपल्या लेथवाल्या ताईंची कमाल!" माणसं माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागली. मी फुगले. खोटं कशाला बोलू, चांगली टम्म फुगले.

आणि वहिनीने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"वन्सं, आवाज का येत नाही?"

"घालवला मी. नवे बुश बसवले. दादाचं डोकं उठतं ना..."

वहिनीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती म्हणाली, "अहो, ते आवाजावर चालतात."

"कोण आवाजावर चालतात?"

"तुमचे दादा. त्यांना दिसत नाही हो. काचबिंदू आहे. तीन वर्षं झाली, आता नुसत्या सावल्या राहिल्यात. चाकाचा आवाज ऐकून मोगरी लावतात ते."

शब्द सगळे ऐकू आले, पण डोक्यात एकही शिरेना. मग मी उताराकडे बघितलं.

दादा डाव्या चाकाच्या रेषेत उभा होता. मोगरी जमिनीवर टेकवलेली, दांड्यावर हात, आणि दुसऱ्या हाताने तो रुमालाने मान पुसत होता. निवांत. रथ त्याच्याकडे येत होता आणि तो मान पुसत होता. गलका दर ओढीला होतोच, त्याच्या हिशेबाने रथ अजून देवळापाशीच होता. ही पहिली ओढ होती, अजून तीन व्हायच्या होत्या, आणि चाक किंचाळल्याशिवाय त्याला घाई नव्हती.

त्यातच मला दुसरी गोष्ट कळली, आणि ती सांगताना मी रोज अडते. आधी रथ जड चालायचा, सपाटीवर ओढणं थांबलं की थांबायचा. आता थांबणार नव्हता. एका बोटाने फिरणारी चाकं होती त्याची. मुकादमाने शिट्टी फुंकली असती, दोर सोडले असते, तरी तो आपल्या वजनाने जाणार होता. मी काम इतकं चांगलं करून ठेवलं होतं.

मी पायऱ्या उतरले कशा, आठवत नाही. गर्दी अडवायला दोरी धरून उभा असलेला एक स्वयंसेवक आडवा आला. "ताई, आत जायचं नाही." मी त्याला काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. दोरीखालून घुसले आणि धावले. माझ्या शेजारून रथ चालला होता, आणि खरं सांगते, मलाही त्याचा आवाज येत नव्हता. फक्त ढोल.

"दादा! रथ आला!"

तो हसला. माझ्या दिशेने तोंड करून, जरा चुकीच्या जागी बघत. "ठिणगे, तू इकडे कुठे? अजून निघालाय कुठे तो? जा मागे."

"निघाला! अंगावर आलाय तुझ्या! आवाज मी घालवला दादा, नवे बुश घातले मी, तो आलाय!"

त्याचं हसू गेलं. मी त्याचा दंड धरून ओढलं, तो जागचा हलला नाही. मला वाटलं होतं तो विचारेल, तुला कसं कळलं, कुणी सांगितलं. त्याने एकच विचारलं.

"किती लांब?"

"दादा, बाजूला हो!"

"खाली माणसं आहेत. किती लांब ते सांग!"

"सात पावलं. सहा."

तो गुडघ्यावर बसला. एक तळवा रस्त्यावर टेकवला, मोगरी पुढे धरली. "वाकडी आहे का?"

"उजवीकडे घे. थोडी. बस्स!"

"बोलत राहा."

मी बोलत राहिले. जन्मात असं बोलले नव्हते. पाच. चार. तीन. पलीकडे बारक्या खाली वाकलेला दिसला. चाक माझ्या डोक्याहून उंच, त्याची धाव उन्हात चमकत होती आणि ती कसलाही आवाज न करता माझ्या भावाच्या तोंडावर येत होती. दोन. एक. हात. वीत.

"आता!"

त्याने मोगरी सारली आणि दांडा सोडला. चाक ठोकळ्यावर चढलं, ठोकळा रस्त्यावरून करकरत घसरला, एक हात, दोन हात, आणि त्याच्यासोबत दादाही मागे सरकत गेला. वर कळस झुकला. बायका किंचाळल्या. मग रथ दणकन मागे बसला आणि थांबला. दादाच्या गुडघ्यापासून चाक चार बोटांवर होतं. त्याच्या तळव्याची साल निघाली होती, बाकी बोटं जिथल्या तिथे. मी मोजली. दोनदा मोजली.

लोकांनी जयजयकार केला. कुणाला काही कळलं नव्हतं! त्यांना वाटलं, बहीण कौतुकाने धावत गेली. उताराखालून आमच्या ह्यांनी तर मला हात हलवून दाखवला.

दादाने माझ्या हाताचा आधार घेऊन उठता उठता हळू आवाजात म्हटलं, "कुणाला बोलू नकोस. तू अशीच शेजारी चाल आणि सांगत राहा. तीन वळणं आहेत. आपण दोघं नेऊ."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने गुलाबी फेटा बांधला होता, कपाळावर गंध, आणि चेहऱ्यावर असं आर्जव, जे मी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. माझ्या फॉर्मवर सही करणारा माणूस आज माझ्याकडे काहीतरी मागत होता. मी हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. आणि त्याच वेळी मला भयंकर संतापही आला होता. तीन वर्षं! तीन वर्षं दोनशे घरांतली माणसं याच्या कानांवर सोडली होती याने, आणि मला कळवावंसं वाटलं नाही!

मुकादम पुढे आला. मोगऱ्या काढल्या की उतार सुरू होणार होता. तो ओरडला, "डावं तयार?"

दादाने तोंड उघडलं. मी त्याच्या आधी बोलले.

"नाही. डावं तयार नाही."

मुकादम हसला आधी. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे. मग त्याने माझं तोंड बघितलं. मी म्हटलं, "दादाला दिसत नाही. दोर सोडा. माणसं बाजूला घ्या."

ढोल एकेक करून थांबले. मुकादम दादाच्या समोर येऊन उभा राहिला. पंचवीस वर्षं बरोबर काम केलेली माणसं ती. मुकादमाने काही न विचारता दादाच्या डोळ्यांसमोर हात हलवला. दादाची पापणी लवली नाही. मुकादमाने पुन्हा हलवला. मला वाटलं, ओरडून सांगावं की पुरे करा. शेवटी मुकादमानेच डोळे पुसले, आणि चाकाखालच्या मोगरीचा दांडा दादाने उठताना पुन्हा धरला होता, तो त्याच्या हातातून काढून घेतला. दादाने सोडून दिला.

लोक मागे सरले. वाट झाली. इतका वेळ मला एक गोष्ट कळली नव्हती, ती तेव्हा दिसली. तीन वर्षं दादा सरळ चालत होता, हात बाजूला, मान ताठ, पावलं मोजून. कुणाला शंका येऊ नये म्हणून किती वेळा आपटला असेल, किती रात्री वहिनीने औषध लावलं असेल. आता सगळ्यांना कळलं होतं. त्याने घराच्या दिशेने पाऊल टाकलं, आणि दोन्ही हात पुढे धरले. आंधळ्याने धरावेत तसे, बोटं पसरून.

ते मला बघवलं नाही. मी पुढे होऊन त्याचा हात माझ्या दंडावर घेतला. मला वाटलं, झिडकारेल. मी त्याचीच वाट बघत होते, देवाशपथ. त्याने दंड धरला, घट्ट. आम्ही दोघं त्या गप्प माणसांमधून चाललो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. वहिनी पायऱ्यांवर तोंडात पदर कोंबून उभी होती.

वर्कशॉपपाशी आल्यावर तो थांबला. म्हणाला, "चार बुश काढलेस?"

"हो."

"एकटीने?"

"हो दादा."

सोललेला तळवा त्याने शर्टावर हळूच पुसला. मग म्हणाला, "मोगरीवर चाक चढलं ना, तेव्हा रस्त्यावर टेकलेल्या हाताला कळलं. इतकं सरळ चाक माझ्या हाताखाली आजपर्यंत आलं नव्हतं. फार सुंदर काम केलंस गं."

त्याने मला एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. मी त्याच पायऱ्यांवर बसले आणि भर रस्त्यात हंबरडा फोडला.